मधली वाफ

"खून झालाय, यात वादच नाही," दाढीवाला म्हणाला आणि त्यानं बशीतलं तिसरं बिस्कीट उचललं.

"कसा पण? गळा दाबून?" चित्रवालीनं विचारलं. साखर एक चमचा की दोन, असं विचारावं तसं.

"उशी. उशीच असणार."

"उशीचा आवाज होत नाही," मुलगा शांतपणे म्हणाला. "शेवटी धप्प असं स्पष्ट ऐकू येतं. आधी रडणं, मग धप्प, मग काहीच नाही. मला वाटतं, आपटलं तिनं."

इस्त्रीवाली चहा ओतत होती. स्वयंपाकघराच्या टेबलाभोवती बसलेली ही तिघं: एक तिचा स्वतःचा मुलगा, दुसरा त्याचा कवी मित्र, अर्धी दाढी चहात बुडवणारा, आणि तिसरी पोस्टरं रंगवणारी एक हसरी मुलगी. पन्नाशीतल्या माणसांनी राजकारण बोलावं तितक्या सवयीनं ही तिशीतली माणसं खुनाबद्दल बोलत होती.

"काकू, तुम्ही ऐकू नका हं हे," दाढीवाल्याला एकदम भान आलं.

"मी कुठे ऐकते," ती म्हणाली. "अजून बिस्किटं काढू का?"

आणि ती मोरीपाशी जाऊन गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसली. दोन वर्षं झाली काम सुटून, पण पायांना अजून कोणी कळवलेलं नव्हतं. दुपार झाली की ते आपले सुजायचे, पाळी भरायला निघाल्यासारखे.

ज्या गाण्याबद्दल हे चाललं होतं त्याला नाव नव्हतं. लोक त्याला 'पाहुणा' म्हणत. छत्तीस वर्षांपूर्वीची एक कॅसेट, एका अनोळखी बाईच्या आवाजातली अंगाई, मागे एक तान्हं मूल रडतंय. कुठे गायली, कुणी गायली, कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणे वेड्यांच्या इस्पितळात, कारण आवाज घुमतो. कुणी म्हणे तुरुंगात. एकाच्या कॅसेटवरून दुसऱ्यानं, दुसऱ्याच्यावरून तिसऱ्यानं उतरवून घेतलेली, इतकी की आता मूळ कुठलं आणि सावली कुठली ते कळू नये. एके काळी चौकात या कॅसेटा पायाखाली तुडवल्या गेल्या होत्या. मातृत्वाला काळिमा, असं वर्तमानपत्रात आलं होतं. आता तेच शब्द लोक दंडावर गोंदवून घेत.

नीज रे पाहुण्या, तुला कोणी बोलावलं
माझं रिकामं आंगण, तू रडून भरवलं

चित्रवालीच्या मनगटावर यातली पहिली ओळ होती. चहाचा कप उचलला की ती दिसायची. इस्त्रीवाली कप देताना दुसरीकडे बघायची.

*

मुलाची खोली म्हणजे बंदी घातलेल्या वस्तूंचं माहेरघर. एकदाच दाखवून उतरवलेल्या चित्रपटांची पोस्टरं. हातानं नकलून काढलेल्या कादंबऱ्या, ज्यांच्या छापील प्रती म्हणे लगद्यात गेल्या. एका वाद्यवृंदाची तबकडी, ज्यांनी शेवटच्या कार्यक्रमात आपली वाद्यं स्वतःच फोडली. एक चित्रपट असा की त्यात एक बाई तासभर फक्त आरशासमोर रंग पुसते, आणि प्रेक्षक उठून गेले तरी पुसतच राहते. मुलगा दिवसभर शहराच्या ग्रंथालयात ध्वनिविभागात जुने आवाज जपायचा आणि घरी आल्यावर असल्या आवाजांच्या मागे लागायचा. "ज्यांनी मर्यादा ओलांडली तेच खरं बोलले, आई," तो सांगायचा. ती मान हलवायची. तिला पुसायला सगळंच सारखं होतं. धूळ बंदी पाळत नाही.

पण ती कॅसेट पहिल्यांदा घरात आली तो दिवस तिला लख्ख आठवत होता. मुलगा एकोणीस वर्षांचा. त्यानं दार लावून घेतलं आणि दारामागून तिचा स्वतःचा आवाज आला. सव्वीस वर्षांची ती आत गात होती आणि पंचेचाळिशीची ती बाहेर भांडं हातात घेऊन उभी. आता दार उघडेल, आता तो विचारेल. दार उघडलं. त्याचे डोळे भरलेले होते. "आई, असं कुणी कधी गायलंच नाही गं," तो म्हणाला, आणि पाणी पिऊन परत आत गेला.

त्यानं ओळखलं नाही. कसं ओळखणार? कॅसेट घासून घासून गेलेली, आणि आईला तर गळाच नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत. त्या दिवसानंतर इस्त्रीवालीनं घरात कधी गुणगुणलंसुद्धा नव्हतं.

*

त्या गाण्याला मुलगा बंड म्हणायचा. तिला तो एक मंगळवार आठवायचा.

मोठ्या इस्पितळाचं धुलाईघर. तळघरात, लांबच लांब, चादरींचे डोंगर. तिच्या वाट्याला वाफेची इस्त्री: खाली गादीचा पाट, वर तापलेलं झाकण, आणि पायानं दाबायचा वाफेचा पट्टा. चादर पसरायची, झाकण ओढायचं, पट्टा दाबायचा. श्श्श. झाकण वर, चादर पुढे, नवी चादर. दिवसाला चारशे. नवरा तेव्हा दूरच्या कामावर. पत्रं यायची, तो यायचा नाही. आठ महिन्यांचं पोर चादरींच्या वेताच्या करंडीत ठेवायचं, आणि मुकादमीण आली की करंडी पलीकडे सरकवायची. ते काम घडीमावशीचं. घडीमावशी शेजारच्या टेबलावर चादरींच्या घड्या घालायची, आणि तिच्या हातून सुटलेली घडी आजवर कुणी पाहिली नव्हती.

चादरींची गाडी चालवणारा भोंगा नावाचा एक माणूस होता. त्याच्याकडे कॅसेटचं यंत्र असायचं. कुठे काय आवाज होतील ते पकडत हिंडायचा, पिठाच्या गिरणीत, बर्फाच्या कारखान्यात. त्या मंगळवारी त्यानं यंत्र कपाटावर ठेवलं आणि म्हणाला, "तुम्ही तुमचं चालू द्या."

चालूच होतं. पोराला ताप येऊन गेला होता, तीन रात्री ती आडवी झाली नव्हती. तोंडाला जे येईल ते, वाफेच्या तालावर, एकेक ओळ.

माझ्या अंगातलं दूध, माझ्या डोळ्यांतली झोप
सारी लुटून घेतली, तरी शमेना रे कोप

दार उघडं ठेविते, माझ्या पायात वहाण
तू झोपल्यावर जाते, मला कशाची रे आण

नको हाक मारू बाळा, आई गेली रे कधीची
उभी आहे ती ही बाई, दुनियेच्या चादरींची

बायका हसल्या होत्या. एक जण रडली होती. मग भोंगा नावाच्या माणसानं यंत्र बंद केलं, आणि पाळी संपल्याचा भोंगा झाला, खरा भोंगा. पुढे ती कॅसेट कुणाच्या हाती गेली, कुठे वाजली, त्याचा कुणाला पत्ता नाही. चौकात बोंब झाली तेव्हा मुकादमीण सगळ्यांना रांगेत उभं करून विचारत सुटली होती. "आमच्यातलं कोणी नाही बाई," घडीमावशीनं सांगितलं होतं. "आम्हाला कुठे गायला वेळ?" चौदा बायका, आणि कुणीही ताकास तूर लागू दिली नाही. चौदांतल्या आता दोघीच उरल्या होत्या.

त्या दोघींतली एक, घडीमावशी, त्याच जिन्यात खालच्या मजल्यावर राहायची. पाहुणे गेल्यावर इस्त्रीवाली तिच्याकडे उतरली.

"रविवारी कार्यक्रम आहे," ती म्हणाली. "ग्रंथालयाच्या सभागृहात. अकरा कॅसेटा जमवल्यात त्यानं. त्या सगळ्या मिळून एक स्वच्छ करतोय. स्वच्छ झाली तर आवाज ओळखेल."

"मग ओळखू दे की. चोरी केलीस का?"

"त्यात काय म्हटलंय ठाऊक आहे ना तुला? त्याला म्हटलंय. तोंडावर."

घडीमावशीच्या मांडीवर रुमाल होता, त्याची आपोआप घडी होत होती.

"आणि पोर मारलं म्हणतात तिनं," इस्त्रीवाली म्हणाली. "शेवटी धप्प वाजतं म्हणून."

"धप्प?"

"तू गठ्ठा टाकलास ना ढकलगाडीत. शेवटचा."

"अगंबाई!" घडीमावशीनं कपाळावर हात मारला. "म्हणजे खुनी मी होय! छत्तीस वर्षं मोकाट फिरतेय!" तिला हसता हसता खोकला आला. मग डोळे पुसून ती म्हणाली, "आणि मेलेलं पोर रोज तुझ्या हातचं जेवून ढेकर देतंय. सांगून टाक एकदाचं. की दमली नाहीस अजून?"

दमली होती. पण एखादं ओझं इतकं जुनं होतं की ते उतरवायलाही जोर लागतो, आणि तेवढा जोर उरलेला नसतो.

*

शनिवारी दुपारी मुलानं हाक मारली. "आई, जरा ये. तू पहिली ऐकणार."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच. ज्याला काही माहीत नाही असा कान पाहिजे."

तिला हसू आलं, ते तिनं पदराआड गिळलं. खुर्चीत बसली. पंखा गरगरत होता. थंडी असो की उकाडा, या खोलीतला पंखा बंद होत नसे. लहानपणापासून त्याला काहीतरी सूं सूं कानाशी लागल्याशिवाय झोप नाही. शाळेच्या सहलीहून पहिल्याच रात्री तो परत आला होता ना, पंखा नव्हता म्हणून.

"तीन महिने लागले," तो सांगत होता. "अकराच्या अकरा कॅसेटांत ओळीच्या मध्ये एक खरखर होती, फुस्स करून. पहिल्या उतरवणाऱ्याचं यंत्र खराब असणार. तो दोष सगळ्यांत उतरला. मी एकेक करून उपटून काढला. गवत काढतात तसा. आता फक्त ती. ऐक."

त्यानं बटण दाबलं.

आवाज स्वच्छ होता. इतका स्वच्छ की तिला आपल्या तेव्हाच्या दाताची फट ऐकू आली. पण गाणं धावत होतं. एक ओळ संपते न संपते तोच दुसरी तिच्या पायात पाय घालत होती. दम घ्यायला जागाच नाही. कुणी पाठी लागलंय अशी ती बाई पळत होती. पहिल्या ओळीनंतर इस्त्रीवालीचा उजवा पाय जरा पुढे सरकला आणि जमिनीवर दाबला गेला. तिला कळलं नाही. दुसऱ्या ओळीनंतर पुन्हा. टाच खाली, चवडा दाब, सोड. टाच खाली, चवडा दाब, सोड. पस्तीस वर्षं रोज चारशे वेळा ज्यानं हे केलं तो पाय कुणाला विचारून थोडाच करतो.

पोर रडत होतं. मग धप्प. मग शांत.

"कसं वाटलं?" मुलानं विचारलं.

"इतकं पळवलंस का तिला?" ती म्हणाली. "मधली वाफ कुठे गेली?"

बोलून गेली, आणि मग ऐकलं तिनं आपण काय बोललो ते.

मुलगा तिच्याकडे बघत नव्हता. तो तिच्या पायाकडे बघत होता. त्यानं गाणं पहिल्यापासून लावलं. तिनं पाय आवरायचा प्रयत्न केला, खुर्चीखाली ओढला, दुसऱ्या पायानं दाबून धरला. तिसऱ्या ओळीला तो सुटला आणि नेमका गेला, जिथे फुस्स उपटलं होतं तिथे, केसभरही मागेपुढे नाही.

त्यानं यंत्र बंद केलं. पंखा तेवढा चालू होता.

"धुलाईघर," तो म्हणाला.

"हं."

"ती खरखर म्हणजे..."

"वाफ. पट्टा दाबला की यायची."

"आणि ते धप्प?"

"घडीमावशीनं गठ्ठा टाकला. खाली राहते, जाऊन पकड."

तो हसला नाही. मग एखादी जड वस्तू उचलण्याआधी माणूस हात पुसतो तसे त्यानं तळवे विजारीला पुसले. "आणि मूल?"

"झोपलं. दुसरं काय करणार? वाफ ऐकली की झोपायचास तू. बोंब मारत जागी होते ती मीच."

"मी," तो म्हणाला.

"तू. आठ महिन्यांचा. ताप उतरला होता त्या दिवशी."

खिडकीबाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं. दर झटक्याला ती दोघं तिकडे बघत होती. तेवढंच बघायला होतं.

"त्यात जे म्हटलंयस," तो अडखळला. "कोणी बोलावलं वगैरे. ते खरं होतं?"

या प्रश्नाची वाट तिनं सतरा वर्षं बघितली होती. तिनं तेवढ्या वर्षांत निरनिराळी उत्तरं रचून ठेवली होती, तालात बसतील अशीसुद्धा. त्यातलं एकही आता तोंडाशी येईना.

"त्या दिवशी होतं," ती म्हणाली.

"आणि पुढे? अजून एखादं कडवं असेल ना? यंत्र बंद झालं नसतं तर..."

"नव्हतं रे. तेवढंच होतं. मग चादरी मोजून दिल्या, तुला उचललं, घरी आले."

तो उठला आणि बाहेर गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजली, खालच्या मजल्यावर थबकली, पुढे गेली. इस्त्रीवाली खुर्चीतच बसून राहिली. छाती मोकळी झाली असेल म्हणून तिनं चाचपून पाहिलं. तसं काही नव्हतं. नुसती झोप येत होती.

*

रविवारी सभागृह गच्च भरलं. दाराशी चित्रवालीनं केलेलं पोस्टर होतं: पांढऱ्या उशीखाली एक इवला पाय. इस्त्रीवाली शेवटच्या रांगेत घडीमावशीशेजारी बसली. मुलगा कालपासून तिच्याशी कामापुरतं बोलला होता. सकाळी उठून तो यंत्रापाशी बसला होता, दार लावून, आणि आतून काय आलं ते तिनं ऐकलं नव्हतं. ती मुद्दाम नळ सोडून भांडी घासत बसली होती. आता तो व्यासपीठावर जाईल आणि सांगेल. सगळ्यांच्या माना वळतील. मनगटावर ओळ गोंदलेली ती मुलगी येऊन पाया पडेल, नाहीतर तोंड फिरवेल. इस्त्रीवालीला दोन्हींचा कंटाळा आला होता.

"पळून जायचं का?" घडीमावशी कुजबुजली. "मला तर अटकच होईल."

"गप बस गं."

मुलगा माइकपाशी आला. "मी तीन महिने एक चूक करत होतो," तो म्हणाला. "ओळींच्या मधला आवाज मी दोष समजून काढला. तो दोष नाही. ती वाफ आहे. गाणारी बाई इस्त्री करत होती. ती वाफेवर दम घ्यायची. तो आवाज मी परत जागेवर ठेवलाय."

आणि गाणं सुरू झालं.

श्श्श. ओळ. श्श्श. ओळ. आता ती बाई पळत नव्हती. दमत, थांबत, एकेक चादर ओढत, ती चालत होती. लोक पुढे वाकून ऐकत होते. इस्त्रीवालीनं पाय मोकळा सोडला, जायचं तिथे जाऊ दिला. शेजारी घडीमावशीचे हात मांडीवर हलत होते, काहीही नसताना घड्या घालत. शेवटी धप्प झालं तेव्हा घडीमावशी किंचित दचकली, आणि सभागृहात दोनतीनशे माणसांनी श्वास धरला, मेलेल्या पोरासाठी.

ते पोर माइकपाशी उभं होतं, पस्तिशी उलटलेलं, केस विरळ झालेलं.

"आणि मूल?" दाढीवाल्यानं पहिल्या रांगेतून विचारलं.

"झोपलं," मुलगा म्हणाला.

"काय?"

"वाफेच्या आवाजानं झोप लागली त्याला."

सभागृहात नाराजीची कुजबुज पसरली. कुणी हसलं. "म्हणजे इतकी वर्षं आपण एका झोपलेल्या पोरासाठी..." दाढीवाला उठूनच उभा राहिला. "याला पुरावा काय? ती बाई सापडली का तुला?"

मुलानं शेवटच्या रांगेकडे पाहिलं. इस्त्रीवालीनं त्याची नजर धरली. हो म्हणावं की नको, ते तिला ठरवता येईना, म्हणून तिनं काहीच केलं नाही. नुसती बघत राहिली.

"बाई कामावर होती," तो म्हणाला. "काम संपवून घरी गेली. पुरावा नाही माझ्याकडे. ज्यांना खून हवाय त्यांनी ठेवावा."

*

परत येताना घडीमावशी पुढे निघाली, गुडघे दुखतात म्हणत म्हणत सगळ्यांत जोरात. मायलेक मागे राहिले. संध्याकाळची उन्हं रस्त्यावर आडवी पडली होती. तो नेहमी भराभर चालणारा, आज तिच्या पावलाला पाऊल लावून चालत होता.

"त्यात म्हटलंयस," तो म्हणाला, "दार उघडं ठेवलंय, पायात वहाण आहे, हा झोपला की जाते."

"हं."

"मी तर झोपलो होतो. मग गेली का नाहीस?"

ती थांबली. एका हातानं भिंत धरून तिनं उजवा पाय उचलला, बंदाखाली बोट घालून तो जरा सैल केला, आणि पुन्हा टेकवला.

"पाय सुजले होते रे," ती म्हणाली. "वहाणा चढेनात."

त्यानं तिच्या पायांकडे पाहिलं. मग तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि ती पुन्हा चालू लागेपर्यंत तिथेच उभा राहिला.